‘लायब्ररी’ हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या मराठी घरात घरच्यांशी मराठी, रिक्षावाल्याशी गुजराती, टीव्हीसमोर हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी असा कारभार चालतो. त्यामुळे अमका शब्द कुठला, तमका कुठून आला, ही चौकशी रोजचीच. मी इंग्रजी शिकवतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न ‘लायब्ररी’वर येतात, त्यातले निम्मे तर एकाच फिरत्या व्हॉट्सॲप संदेशामुळे (तो प्रश्न ४ मध्ये आहे). प्रश्न साधारण सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. लॅटिन शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ मुद्दाम सांभाळले आहेत, तेवढे नीट वाचा.

१. ‘लायब्ररी’ची व्युत्पत्ती थोडक्यात सांगा. परीक्षेत लिहायची आहे.

लॅटिनमध्ये ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक. त्यावरून ‘लिब्रारिउस’, म्हणजे पुस्तकांसंबंधीचा. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये पुस्तकांच्या संग्रहासाठी ‘लिब्रेरी’ हा शब्द झाला आणि चौदाव्या शतकात तो इंग्रजीत शिरला. दोन गुणांना एवढं पुरे. पाच गुणांचा प्रश्न असेल तर प्रश्न २ आणि ७ सुद्धा वाचून जा.

२. काही ठिकाणी ‘लिबेर’चा अर्थ झाडाची साल असा दिलाय. मग साल खरी की पुस्तक?

दोन्ही खरं, आणि साल आधीची. ही वरची खडबडीत साल नव्हे, तिच्या आतला थर. शेवग्याची किंवा तुतीची कोवळी फांदी नखाने सोलून पाहा. वरचा तपकिरी पापुद्रा निघाला की खाली ओलसर, पांढरट-हिरवी पट्टी लागते. ती लांबच्या लांब सोलली जाते आणि सहसा मध्येच तुटत नाही. ही अंतर्साल म्हणजे ‘लिबेर’. ताग आणि अंबाडी कुजवून जे धागे काढतात तेही याच थरातले. वनस्पतिशास्त्रात फ्रेंच लोक या थराला आजही ‘लिबेर’च म्हणतात.

सालीवरून पुस्तक कसं झालं, याचं उत्तर खुद्द रोमनांनीच देऊन ठेवलंय. पहिल्या शतकातला प्लिनी लिहितो की लोक आधी ताडाच्या जातीच्या पानांवर लिहीत, मग काही झाडांच्या सालींवर. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिदोरने शब्दांच्या उगमांचा मोठा कोश रचला, त्यातही त्याने हेच सांगितलंय: पपायरस (पाणवनस्पतीच्या देठांपासून केलेला जुना कागद) येण्याआधी सालीच्या आतल्या पदरावर लिहीत, म्हणून लिहिलेल्या वस्तूला ‘लिबेर’. इसिदोरच्या पुष्कळ व्युत्पत्त्या आज हसण्यावारी जातात, पण ही आधुनिक कोशांनीही ठेवली आहे.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. वल्कलं नेसून वनात गेलेल्यांच्या कथा ऐकत आपण मोठे झालो आणि आपल्याकडच्या कितीतरी जुन्या पोथ्या भूर्जपत्रावर आहेत. फरक इतकाच की भूर्जाचा वरचा पापुद्रा वापरत, आतला नव्हे.

३. पण रोमन लोक पपायरसवर लिहायचे ना? मग सालीचं नाव कशाला टिकलं?

वस्तू बदलते, नाव तेच राहतं. आपण पुस्तकाचं ‘पान’ उलटतो, ते कुठल्या झाडाचं असतं? पोस्टाने येतं ते ‘पत्र’, त्याचाही मूळ अर्थ पानच. रोममध्ये आपल्याला माहीत असलेल्या काळात पुस्तक म्हणजे पपायरसची गुंडाळी. तरी नाव ‘लिबेर’च. गुंडाळीवरूनही एक शब्द आला: ‘व्हॉल्यूम’, लॅटिन ‘व्होल्वेरे’ म्हणजे गुंडाळणे यावरून. पुढे पानं शिवून ग्रंथ होऊ लागले त्याला ‘कोडेक्स’ म्हणाले. त्या शब्दाचा मूळ अर्थ झाडाचा बुंधा, लाकडाचा ठोकळा, कारण आधी मेणाच्या लाकडी पाट्या एकत्र बांधत. कायद्यातला ‘कोड’ इथूनच.

४. ‘लॅटिनमध्ये लिबेर म्हणजे स्वतंत्र. वाचनाने माणूस मुक्त होतो, म्हणून लायब्ररी!’ असा संदेश ग्रुपवर आलाय. खरं आहे का?

नाही. संदेश सुंदर आहे, शाळेच्या फळ्यावर लिहायलाही छान आहे, पण खोटा आहे.

लॅटिनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत. ऱ्हस्व इकाराचा ‘लिबेर’ म्हणजे पुस्तक. दीर्घ ईकाराचा ‘लीबेर’ म्हणजे स्वतंत्र, गुलाम नसलेला. रोमन सर्वसाधारणपणे लिहिताना ही लांबी दाखवत नसत, म्हणून कागदावर दोन्ही सारखे दिसतात. बोलताना मात्र चूक व्हायची नाही. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये: दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा. वेलांटी चुकली की बाई वहीवर लाल गोल काढायच्या, तो उगाच नाही. ‘दिवस कष्टात जातो म्हणून दिन आणि दीन एकच’ असं कुणी सांगितलं तर आपण हसू. हा संदेश त्याच जातीचा.

मुळांकडे गेलं तर दोघांचं घराणंही वेगळं. साल-पुस्तकवाला शब्द सोलणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. स्वातंत्र्यवाला ‘लोक, जनसमूह’ या अर्थाच्या जुन्या शब्दाशी: जो आपल्या लोकांपैकी, तो मुक्त.

गंमत म्हणजे इतिहासाने हा घोटाळा वाढवून ठेवलाय. रोममधली पहिली सार्वजनिक लायब्ररी आसिनिउस पोल्लिओने इ. स. पू. ३९ नंतर, युद्धातल्या लुटीच्या पैशातून उभारली, आणि ती होती ‘आत्रिउम लीबेर्तातिस’ या इमारतीत, म्हणजे स्वातंत्र्याच्या सभागृहात! पण तिथे दोन शब्द शेजारी आले, एवढंच. एका वाड्यात राहणारे सगळे नातेवाईक नसतात.

५. मग एखादा इंग्रजी शब्द पाहून तो पुस्तकवाला की स्वातंत्र्यवाला, हे ओळखायचं कसं?

एक सोपी खूण आहे. विभक्ती लागली की पुस्तकवाल्या शब्दातला ‘ए’ गळतो: लिबेर, लिब्री, लिब्रो. स्वातंत्र्यवाल्यातला टिकतो: लीबेर, लीबेरी, लीबेरो. म्हणून इंग्रजीत ‘लायब्ररी’, ‘लायब्ररियन’, ‘लिब्रेटो’ (ऑपेराची संहिता) यांत ब आणि र जोडून येतात, तर ‘लिबर्टी’, ‘लिबरल’, ‘लिबरेट’ यांत ब आणि र यांच्यामध्ये ई हे अक्षर असतं. स्पेलिंग लिहून पाहा, लगेच दिसेल.

खूण नव्वद टक्के वेळा चालते. उरलेल्या दहांसाठी पुढचा प्रश्न आणि प्रश्न १२ पाहा. ‘डिलिव्हर’ स्वातंत्र्यवाल्यांकडचा आहे, मूळ अर्थ सोडवणे. ‘डिलिबरेट’ दिसतो त्याच्याच भावासारखा, पण बहुतेक कोश त्याचा संबंध तराजूशी लावतात: विचार तोलून पाहणे.

६. माझी रास तूळ, इंग्रजीत ‘लिब्रा’. यातही ब-र जोडून आहे. मग राशीचा आणि पुस्तकांचा संबंध?

काही नाही. हा तिसरा शब्द, ‘लीब्रा’, पुन्हा दीर्घ. अर्थ तराजू, आणि वजनाचं एक माप. पौंडाला ‘एलबी’ लिहितात ते याच्यातून, ब्रिटिश पौंडाचं चिन्ह म्हणजे याच शब्दाचं सजवलेलं पहिलं अक्षर, आणि ‘इक्विलिब्रियम’मध्ये तराजूची दोन पारडी सारखी. सुताराची ‘लेव्हल’ सुद्धा ‘लीबेल्ला’ म्हणजे छोटा तराजू यावरून.

फ्रेंच शिकणाऱ्यांनी जास्तच सांभाळावं. तिथे ‘लिव्र’ पुल्लिंगी असेल तर पुस्तक, स्त्रीलिंगी असेल तर पौंड, आणि ‘लिव्रे’ हे क्रियापद ‘पोहोचवणे’, जे स्वातंत्र्यवाल्यांकडून आलंय. लॅटिनचे तिन्ही शब्द फ्रेंचमध्ये घासून घासून एकाच तोंडवळ्याचे झाले.

७. रोमन लोक स्वतः लायब्ररीला काय म्हणायचे?

‘बिब्लिओथेका’. हा त्यांनी ग्रीकांकडून उचललेला: ‘बिब्लिऑन’ म्हणजे पुस्तक, ‘थेके’ म्हणजे ठेवायची पेटी, कपाट. जर्मन, रशियन, स्पॅनिश, फ्रेंच सगळ्यांनी लायब्ररीसाठी हाच शब्द ठेवला. ‘लिब्रारिया’ हा शब्द रोमनांकडे होता, पण ‘ताबेर्ना लिब्रारिया’ म्हणजे पुस्तकांचं दुकान. संग्रहाचा अर्थ नंतर चिकटला.

इंग्रजी एकटी पडली ती फ्रेंचमुळे. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन राजे आले, त्यांच्या फ्रेंचमधून शेकडो शब्द आले आणि तेव्हाच्या फ्रेंचमध्ये ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचा संग्रहच होता. त्याआधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता ‘बोकहोर्ड’, पुस्तकांची ठेव. मला विचाराल तर तो जास्त रसाळ होता.

८. मुलगा फ्रान्सला शिकायला गेलाय. ‘लिब्रेरी’ अशी पाटी पाहून आत गेला तर सगळी पुस्तकं विकायला! असं का?

फ्रेंचमध्ये ‘लिब्रेरी’ म्हणजे आता पुस्तकांचं दुकान. लायब्ररी हवी असेल तर ‘बिब्लिओतेक’ शोधायला सांगा. इटलीत ‘लिब्रेरिया’, पोर्तुगालमध्ये ‘लिव्रारिया’, तिथेही दुकानच.

सोळाव्या शतकात मोंतेन्य हा फ्रेंच निबंधकार आपल्या मनोऱ्यातल्या पुस्तकांच्या खोलीला ‘लिब्रेरी’ म्हणतो, म्हणजे तोवर फ्रान्समध्येही जुना अर्थ जिवंत होता. पुढे तिथे संग्रहाला ‘बिब्लिओतेक’ रूढ झालं आणि ‘लिब्रेरी’ दुकानदारांकडे गेली. एका अर्थी ती रोमन माहेरी परतली (प्रश्न ७). इंग्रजीने मात्र मधल्या काळातला फ्रेंच अर्थ जपून ठेवला. उसना शब्द घेणारा पुष्कळदा तो मूळ मालकापेक्षा जास्त सांभाळतो.

९. ‘लि’चा ‘लाय’ कसा झाला? आणि मराठीत लायब्ररी की लायब्रेरी?

इंग्रजीत आला तेव्हा उच्चार ‘ली’सारखा होता. पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीतल्या दीर्घ स्वरांची मोठी उलथापालथ झाली, तीत ‘ई’चा ‘आय’ झाला. ‘टाइम’, ‘लाइफ’, ‘वाइन’ यांचंही तेच झालं. लॅटिनमधला मूळ स्वर ऱ्हस्व होता, इंग्रजीत तो दीर्घ होऊन बसला आणि मग या फेऱ्यात सापडला.

मराठीत ‘लायब्ररी’. गुजराती आणि हिंदीत ‘लायब्रेरी’, ‘लाइब्रेरी’, त्यामुळे इथली मुलं मराठीतही तसंच लिहितात. मी लाल गोल काढत नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये पहिला ‘आर’ खाल्ला तर मात्र काढतो.

१०. ‘बुक’ आणि ‘लिबेर’ यांचं नातं आहे का?

शब्दांचं नाही, कल्पनेचं आहे. ‘बुक’ जर्मानिक घराण्यातला. त्याचा संबंध पूर्वापार ‘बीच’ या झाडाशी जोडतात, जरी सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. खरं सख्खं नातं हवं असेल तर आपलं ‘भूर्ज’ आणि इंग्रजी ‘बर्च’ घ्या. एकच झाड, आणि शब्दही एकाच मुळाचे. ‘पुस्तक’ मात्र झाडाकडचा नाही, पुष्कळ अभ्यासक तो इराणी भाषांतल्या ‘पोस्त’ म्हणजे कातडं या शब्दाशी लावतात.

११. ‘लायब्ररियन’ म्हणजे पूर्वी काय?

रोमन ‘लिब्रारिउस’ हा पुस्तकं नकलून देणारा लेखनिक, कधी पुस्तकविक्रेता. सांभाळणारा नव्हे. इंग्लंडमध्येही ऑक्सफर्डची बॉडलियन लायब्ररी १६०२ मध्ये उघडली तेव्हा प्रमुखाला ‘लायब्ररी-कीपर’ म्हणत. आजचा अर्थ त्यानंतर रुळला.

१२. मी वकिली शिकते. ‘लायबल’ म्हणजे लेखी बदनामी. स्पेलिंगमध्ये ब-र नाही, मग हा कुणाकडचा?

पुस्तकांकडचा, आणि प्रश्न ५ मधल्या खुणेला चकवणारा. ‘लिबेल्लुस’ म्हणजे छोटं पुस्तक, चोपडी, पत्रक. लघुत्वाचा प्रत्यय लागताना ‘र’ पुढच्या ‘ल’मध्ये मिसळून गेला. रोममध्ये ‘लिबेल्लुस’ म्हणजे अर्जही असायचा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये न्यायालयात दिलेलं लेखी निवेदन, मग कुणाची अब्रू घेणारं छापील पत्रक, आणि शेवटी ती अब्रुनुकसानीच. ‘लायबल’ आणि ‘लायब्ररी’ ही सख्खी भावंडं आहेत, हे वर्तमानपत्रवाल्यांना सांगून पाहा.

जाता जाता: इंग्लंडच्या कायद्यात लेखी बदनामी ‘लायबल’ आणि तोंडी ‘स्लँडर’. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये असा भेद नाही, दोन्ही मानहानीच. ‘जबाबदार’ या अर्थाचा ‘लायेबल’ वेगळा, तो बांधणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून.

१३. कोडिंगमध्ये ‘लायब्ररी इम्पोर्ट करा’ म्हणतात. तिथे पुस्तकं कुठे आली?

तिथे खरोखरच कपाट होतं. केंब्रिजमध्ये १९४९ साली ‘एडसॅक’ हा संगणक चालू झाला. पुन्हा पुन्हा लागणारे प्रोग्रॅमचे तुकडे कागदी पट्ट्यांवर भोकं पाडून तयार असत आणि त्या पट्ट्या पोलादी कपाटात ओळीने ठेवलेल्या. हवी ती काढायची, तिची प्रत आपल्या पट्टीत उतरवायची, मूळ परत ठेवायची. याला लायब्ररी सोडून दुसरं काय म्हणणार?

१४. लायब्ररी म्हणजे सगळ्यांना खुली, फुकट, हा अर्थ शब्दात आहे का? की तो आपल्या सयाजीरावांनी घातला?

शब्दात नाही. ‘लिब्रेरी’ म्हणजे राजाचा किंवा मठाचा संग्रह, आणि मध्ययुगीन संग्रहांत मौल्यवान पुस्तकं साखळदंडाने मेजाला बांधलेली असायची. ‘पब्लिक’ हे विशेषण वेगळं लावावं लागतं यातच सगळं आलं. इंग्लंडमध्ये त्यासाठी १८५० चा कायदा करावा लागला, तेव्हा कुठे नगरपालिकांना लायब्ररीसाठी कर लावता आला.

बडोद्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं वाचायला शिकली, पण वाचणार काय? शाळा सुटल्यावर अक्षरं विसरून जाणारी मुलं, ही त्या काळातली खरी अडचण. अमेरिकेतल्या लायब्ररी पाहून महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि स्वतःच्या संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तकं सेंट्रल लायब्ररीला दिली. बॉर्डनने १९११ मध्ये ग्रंथपालांचा वर्ग काढला, भारतातला असा पहिला. गावोगावी वाचनालयांसाठी नियम साधा होता: गावकऱ्यांनी एक वाटा जमवायचा, तेवढाच प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. जिथे तेही जमेना तिथे लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं जात. ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन भाषांत निघे.

मांडवीला बँक रोडवरच्या सेंट्रल लायब्ररीत आतल्या मजल्यांकडे लक्ष द्या. पोलादी मांडण्या एकावर एक चढवलेल्या आणि मधल्या जमिनी जाड काचेच्या, म्हणजे वरचा उजेड खालच्या रांगांपर्यंत उतरतो आणि दिवे, पर्यायाने आगीची भीती, कमी. तिच्याच संस्कृत विभागातून पुढे प्राच्यविद्या मंदिर उभं राहिलं. पपायरस नसेल, पण ताडपत्रांची हस्तलिखितं तिथे आहेत.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर: ‘मोफत’ हा अर्थ ‘लिबेर’मधून आला नाही, कायद्यांतून आणि अंदाजपत्रकांतून आला. प्रश्न ४ मधल्या संदेशाला बडोद्यात एवढे लोक भुलतात, त्याचं कारणही हेच असावं. इथे लायब्ररी पहिल्यापासून खुलीच पाहिली आहे.

१५. आमच्या मंडळाच्या खोलीवर पाटी लावायची आहे. ग्रंथालय, वाचनालय, पुस्तकालय की सरळ लायब्ररी?

बसून वर्तमानपत्रं-मासिकं वाचायची सोय मुख्य असेल तर वाचनालय. नोंदवही, वर्गीकरण, देवघेव असा पसारा असेल तर ग्रंथालय. ‘पुस्तकालय’ मराठीत चुकीचा नाही, पण कानाला गुजराती-हिंदी लागतो. इथल्या पाटीवर ते चालून जाईल. दोन कपाटं आणि एक सतरंजी असेल तर ‘वाचनालय’ लिहा. ‘ग्रंथालय’ लिहिलंत तर लोक कोश मागायला येतील.

१६. जुन्या बाजारातून घेतलेल्या पुस्तकात ‘एक्स लिब्रिस’ असा छाप आणि खाली कुणाचं नाव आहे. लेखकाचं का?

नाही, जुन्या मालकाचं. ‘एक्स लिब्रिस’ म्हणजे ‘पुस्तकांपैकी’. ‘लिब्रिस’ हे ‘लिबेर’चं अनेकवचनी रूप आहे, आणि प्रश्न ५ मधली ब-रची खूण इथेही दिसेल. पुढे नाव यायचं: अमक्यांच्या पुस्तकांपैकी. नियमाने लॅटिनमध्ये ते नाव षष्ठीत हवं, पण पुष्कळ जण सरळ नाव छापत, आणि जोशी-शिंदे यांची लॅटिन षष्ठी चालवायच्या भानगडीत तुम्हीही पडू नका. स्वतःचा शिक्का करायचा असेल तर ‘यांच्या संग्रहातून’ लिहा. पुस्तक नेणाऱ्याला निदान वाचता येईल.